पत्रांतून विमानविद्या शिकलेला सेनापति

विमानाच्या इतिहासांत दोन प्रकारच्या माणसांचीं नांवें लोकांच्या तोंडीं असतात. एक यंत्र शोधून काढणारे आणि दुसरे महायुद्धांत आकाशांत पराक्रम गाजविणारे. या दोहोंच्या मधल्या काळांत ज्यांनीं या नव्या यंत्राची रोजची चाकरी पत्करली, मोडलें तें जोडलें, पैशासाठीं सरकारदरबारीं हेलपाटे घातले आणि आपल्या चुकांचीं फळेंहि भोगलीं, त्यांचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं. अमेरिकेचा मेजर जनरल बेंजामिन फुलॉय हा अशांपैकीं एक होय. एक काळ असा होता कीं, अमेरिकेच्या सबंध सैन्यांत विमान एकच होतें आणि तें उडविण्याच्या कामावर असलेला अधिकारीहि एकच होता. तो अधिकारी म्हणजे फुलॉय. पुढें हाच मनुष्य त्या देशाच्या विमानदळाचा मुख्य झाला. आणि त्या पदावर असतांना त्यानें दिलेल्या एका होकारानंतर थोड्याच महिन्यांत बारा माणसें प्राणांस मुकलीं. त्याच्या आयुष्याचा विचार करावयाचा तर हीं दोन्ही टोकें एकत्र ध्यानांत घ्यावीं लागतात.

फुलॉयचा जन्म ९ डिसेंबर १८७९ रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील वॉशिंग्टन या लहानशा गांवीं झाला. राजधानीचें वॉशिंग्टन तें निराळें. बाप फ्रान्सहून येऊन तेथें स्थायिक झालेला नळकाम करणारा कारागीर. मुलगाहि शाळा लवकर सोडून बापाच्या हाताखालीं काम करूं लागला. सन १८९८ मध्यें स्पेनशीं युद्ध सुरू झालें तेव्हां सैन्यांत जाण्याची इच्छा अनावर झाली. पण वय कमी पडत होतें. तेव्हां या पोरानें थोरल्या भावाचा जन्मदाखला पुढें केला आणि त्याच्या नांवानें तो शिपाई झाला. पोर्टो रिको येथें कांहीं काळ नोकरी झाल्यावर तो पुन्हां भरती होऊन फिलिपाइन बेटांत गेला आणि सन १९०१ मध्यें शिपायांतून वर चढून सेकंड लेफ्टनंट झाला. वेस्ट पॉइंटच्या प्रसिद्ध लष्करी विद्यालयाचा उंबरठाहि न ओलांडतां त्यानें हा हुद्दा मिळविला होता. अंगानें किरकोळ, उंचीनें बेताचा, परंतु हाताचा कसबी आणि मनाचा चिवट, असा हा तरुण होता.

सन १९०७ मध्यें फोर्ट लेव्हनवर्थच्या सिग्नल विद्यालयांत त्यानें एक प्रबंध लिहिला. विषय होता बलून व उडतीं यंत्रें यांचा युद्धांतील उपयोग. ज्या वेळीं अमेरिकन सैन्याजवळ एकहि विमान नव्हतें, त्या वेळीं या अधिकाऱ्यानें असें प्रतिपादन केलें कीं, पुढील युद्धांत जमिनीवरील सैन्यें भिडण्यापूर्वीं आकाशांतच झुंज होईल, आणि टेहळणीचें जें काम आजवर घोडदळ करीत आलें तें उडतीं यंत्रें करतील. या प्रबंधामुळें त्याच्याकडे वरिष्ठांचें लक्ष गेलें आणि त्याची नेमणूक राजधानींत सिग्नल दळाच्या कचेरींत झाली.

राइटबंधूंनीं सरकारला विमान विकण्याचा करार केला होता. अट अशी कीं, यंत्रानें दोन माणसांना घेऊन एक तास हवेंत राहिलें पाहिजे आणि ताशीं चाळीस मैलांचा वेग दाखविला पाहिजे. सप्टेंबर १९०८ मध्यें फोर्ट मायर येथें परीक्षा चालू असतां यंत्र कोसळलें. ऑर्व्हिल राइट जबर जखमी झाला आणि त्याच्या शेजारीं बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. यांत्रिक विमानाच्या अपघातांत बळी पडलेला तो पहिला मनुष्य. पुढल्या वर्षीं ऑर्व्हिल पुन्हां त्याच मैदानावर उभा राहिला. वेगाच्या परीक्षेच्या वेळीं शेजारीं बसविण्यासाठीं फुलॉयची निवड झाली. तो वजनानें हलका होता आणि त्याला नकाशा वाचतां येत होता, हीं दोन कारणें त्याला पुरेशीं झालीं. ३० जुलै १९०९ रोजीं दोघे अलेक्झांड्रियापर्यंत जाऊन परत आले. दहा मैलांच्या या फेरींत सरासरी वेग ताशीं साडेबेचाळीस मैलांहून किंचित् अधिक भरला. चाळीसच्या वरील प्रत्येक पूर्ण मैलास बक्षीस ठरलेलें होतें. त्यामुळें पंचवीस हजार डॉलरांच्या किंमतीवर आणखी पांच हजार राइटबंधूंच्या पदरीं पडले.

विमान मिळालें, पण वैमानिक कोठें होते? करारानुसार विल्बर राइटनें मेरिलंडमधील कॉलेज पार्क येथें लाम व हंफ्रीज या दोन अधिकाऱ्यांना उड्डाण शिकविलें. फुलॉय त्या वेळीं फ्रान्समधील एका परिषदेस गेला होता. तो परतला तेव्हां दिवस थोडे उरले होते. त्याला सुमारें तीन तासांचें शिक्षण मिळालें. एकट्यानें उडण्याची पाळी आलीच नाहीं. इतक्यांत लाम व हंफ्रीज यांच्या हातून यंत्र मोडलें आणि थोड्याच दिवसांत ते दोघे आपापल्या मूळ पलटणींत परत गेले. राहिला तो अर्धवट शिकलेला फुलॉय आणि एक मोडकें विमान.

सिग्नल दळाचा मुख्य जनरल अ‍ॅलन यानें त्याला हुकूम दिला कीं, हें यंत्र घेऊन टेक्सासमध्यें सॅन अँटोनियो येथें जावें, सुटे भाग भरपूर न्यावे आणि स्वतःच उडावयास शिकावें. खर्चासाठीं मंजुरी मिळाली ती दीडशें डॉलरांची. तेल, इंधन, दुरुस्ती सारें त्यांतच भागवावयाचें. फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या कवाइतीच्या मैदानाशेजारीं त्यानें एक छपरी उभारली, आठ-दहा शिपाई व ऑलिव्हर सिमन्स नांवाचा एक मिस्त्री हाताशीं घेतला आणि पेट्यांतून आलेले भाग जुळवून विमान उभें केलें. त्या यंत्राला चाकें नव्हतीं. खालीं बर्फावरील गाडीसारख्या लाकडी पट्ट्या. उडतांना तें एका रुळावर ठेवावयाचें; पाठीमागें मचाणावर जड वजन टांगावयाचें आणि तें वजन सोडलें म्हणजे दोरीच्या ओढीनें यंत्र पुढें फेंकलें जावयाचें. वैमानिक खालच्या पंखाच्या पुढल्या कडेवर, पाय मोकळ्या हवेंत सोडून बसे. इंजिनाची शक्ति पंचवीस-तीस घोड्यांची.

२ मार्च १९१० रोजीं फुलॉय या यंत्रावर चढला. त्या एका दिवसांत त्यानें चार उड्डाणें केलीं. एकट्यानें केलेलें पहिलें उड्डाण, एकट्यानें पहिलें उतरणें आणि पहिला अपघात, असे तिन्ही विधि त्या एकाच दिवशीं उरकले. मग त्याच्या शिक्षणाची खरी तऱ्हा सुरू झाली. यंत्र आपटलें कीं तो राइटबंधूंना पत्र लिही: अमुक उंचीवर होतों, वारा असा होता, तरफ अशी फिरविली आणि असें असें झालें, चूक कोठें झाली? तिकडून उत्तर येई, तें वाचून तो पुन्हां उडे, आणि पुन्हां आपटला तर पुन्हां पत्र लिही. पत्रांतून विमानविद्या शिकलेला जगांतील पहिला वैमानिक आपणच, असें तो पुढें विनोदानें सांगत असे. आपल्याकडील वाचकाला येथें एकलव्याची आठवण होईल. भेद इतकाच कीं, या एकलव्याच्या गुरूंनीं अंगठा मागितला नाहीं. उलट प्रत्येक पत्राला उत्तर दिलें.

अनुभवांतून शोधहि निघाले. एकदां हवेच्या झोताबरोबर तो आसनावरून फेंकला जातां जातां वांचला. त्यानें लगेच जीन शिवणाऱ्याकडून चामड्याचा एक पट्टा करून घेतला आणि त्यानें स्वतःला आसनाशीं बांधून घेऊं लागला. विमानांत बसल्यावर कमरेस जो पट्टा आवळावा लागतो त्याच्या आरंभींच्या नमुन्यांत या पट्ट्याची गणना होते. पुढें त्यानें व सिमन्सनें लाकडी पट्ट्यांना चाकें जोडलीं. मचाणाची व वजनाची गरज संपली. दीडशें डॉलर लवकरच संपले. मग तो स्वतःच्या पगारांतून खर्च करूं लागला. वर्ष-सव्वा वर्ष अमेरिकन सैन्याचें सारें विमानदळ म्हणजे हें एक ठिगळांचें यंत्र आणि हा एक लेफ्टनंट. सन १९११ च्या मार्च महिन्यांत काँग्रेसनें विमानासाठीं सव्वा लक्ष डॉलर मंजूर केले. त्याच महिन्यांत उसन्या आणलेल्या नव्या विमानांतून फुलॉय व पार्मली यांनीं सरहद्दीवर लारेडोपासून ईगल पासपर्यंत शंभर मैलांहून अधिक अंतर सुमारें दोन तासांत कापलें. जुनें यंत्र त्याच वर्षीं निवृत्त होऊन संग्रहालयांत गेलें.

सन १९१६ मध्यें या विद्येची रणांगणावर परीक्षा झाली. मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिला यानें ९ मार्च रोजीं सरहद्द ओलांडून कोलंबस गांवावर छापा घातला. त्याचा पाठलाग करण्यास जनरल पर्शिंग सैन्य घेऊन निघाला. सोबत फुलॉयच्या हाताखालचें पहिलें विमानपथक. विमानें सारीं मिळून आठ. १९ मार्चच्या सायंकाळीं आठही विमानें कासास ग्रांदेसकडे उडालीं; त्यांतलें एकहि त्या रात्रीं ठरल्या जागीं पोहोंचलें नाहीं. कांहीं अंधारांत वाट चुकलीं, एक माघारीं फिरलें, एक उतरतांना मोडलें. नव्वद घोड्यांच्या शक्तीचीं तीं इंजिनें. त्यांना मेक्सिकोचे उंच डोंगर ओलांडवेनात. कोरड्या हवेनें लाकडी पंख्यांचे जोड उकलूं लागले. चिवावा शहरीं निरोप घेऊन गेला असतां फुलॉयला तेथील शिपायांनीं पकडून तुरुंगांत टाकलें. सुटकेस थोडा वेळ लागला. तिकडे त्याचा सोबती लेफ्टनंट डार्ग याच्या विमानाला जमावानें घेरलें. एक छायाचित्रकार चित्र काढावयास पुढें आला. डार्गनें चित्रासाठीं निरनिराळ्या तऱ्हेनें उभें राहण्यांत वेळ काढून मदत येईपर्यंत जमावाला दूर ठेवलें. महिनाभरांत, २० एप्रिलपर्यंत, आठांपैकीं दोनच विमानें उरलीं आणि तींहि नादुरुस्त. व्हिला सांपडला नाहीं. तथापि निरोप पोहोंचविणें, वाट शोधणें, छायाचित्रें घेणें हें काम पथकानें चिकाटीनें केलें, आणि अपुऱ्या यंत्रांनिशीं सैन्य पाठविणें म्हणजे काय याचा धडा सरकारला मिळाला. दुर्दैवानें सरकारचे धडे फार दिवस टिकत नाहींत.

दुसऱ्याच वर्षीं अमेरिका महायुद्धांत उतरली. लढाईस योग्य असें एकहि विमान तिच्यापाशीं नव्हतें. ज्या खात्याला सात वर्षांपूर्वीं दीडशें डॉलर मिळाले होते, त्याला २४ जुलै १९१७ च्या कायद्यानें चौसष्ट कोटी डॉलर एकाच हप्त्यांत मिळाले. ही योजना तयार करण्यांत फुलॉयचा मोठा हात होता. त्याला एकदम ब्रिगेडियर जनरल करण्यांत आलें. वय सदतीस. नोव्हेंबरमध्यें तो फ्रान्समधील अमेरिकन विमानदळाचा मुख्य झाला आणि तेथें त्याची गांठ बिली मिचेल याच्याशीं पडली. मिचेल तेजस्वी, वक्तृत्ववान्, श्रीमंत घरचा आणि आधींपासून तेथें रुजलेला. फुलॉय नळकाम्याचा मुलगा, शिपायांतून वर आलेला, आणि बरोबर विमानाची ओळख नसलेल्या अधिकाऱ्यांचा तांडा घेऊन आलेला. दोघांचें पटेना. कंटाळून पर्शिंगनें मे १९१८ मध्यें दोघांच्याहि वर पॅट्रिक नांवाच्या इंजिनियर सेनापतीस आणून बसविलें. या प्रसंगीं फुलॉयच्या स्वभावाचा एक मोठेपणा दिसून आला. ज्या मिचेलला काढून टाकावें अशी त्यानें मागणी केली होती, त्याचेंच रणांगणावरील कर्तृत्व पाहून लढाऊ पथकांचें आधिपत्य त्यालाच द्यावें अशी शिफारस त्यानें केली आणि स्वतः पिछाडीचें, सामग्री व शिक्षणाचें, काम पत्करलें.

युद्ध संपलें आणि युद्धकालीन हुद्दे उतरले. जनरल फुलॉय पुन्हां खालच्या पायरीवर आला. विमानदळ स्वतंत्र असावें अशी जोरदार साक्ष त्यानें सन १९१९ मध्यें सेनेटच्या समितीपुढें दिली. मग कांहीं वर्षें युरोपांत वकिलातींत, पुढें तळावर, असें करीत तो सन १९३१ च्या अखेरीस मेजर जनरल होऊन विमानदळाचा मुख्य झाला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्याच्या हुकमतीखालीं सुमारें साडेसहाशें विमानांनीं देशाच्या पूर्व भागावर एकत्र कवाइत केली होती, आणि एवढ्या मोठ्या उलाढालींत एकहि मनुष्य दगावला नव्हता. या यशानें त्याचा आपल्या माणसांवरील विश्वास दुणावला असल्यास नवल नाहीं.

९ फेब्रुवारी १९३४. विमानानें टपाल नेण्याच्या कंत्राटांत गैरव्यवहार झाल्याच्या संशयावरून अध्यक्ष रूझवेल्ट हे सारीं कंत्राटें रद्द करणार होते. टपाल खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें फुलॉयला बोलावून विचारलें: तुमचें दळ हें काम करूं शकेल काय? आणि तयारीस किती दिवस लागतील? फुलॉयनें उत्तर दिलें कीं, करूं शकेल. आठवडा-दहा दिवस पुरेत. वरिष्ठ सेनापति मॅकआर्थर यांचा सल्ला त्यानें आधीं घेतला नाहीं.

हें उत्तर देणारा मनुष्य खोटें बोलत नव्हता. आयुष्यभर त्याला ज्या ज्या वेळीं काम सांगण्यांत आलें, त्या त्या वेळीं साधनें अपुरींच होतीं, आणि प्रत्येक वेळीं त्यानें होय म्हटलें होतें. पण टपालाचें काम रात्रीचें, कडक हिवाळ्याचें, धुक्यांतून व डोंगरांवरून जाण्याचें. त्यासाठीं बाहेर कांहीं दिसत नसतांना केवळ उपकरणांवर नजर ठेवून विमान हांकण्याचा सराव लागतो. कामावर नेमलेल्या २६२ वैमानिकांपैकीं रात्रीच्या उड्डाणाचा पन्नास तासांचा अनुभव असलेले अवघे ३१ होते. पुष्कळ विमानांच्या बैठका उघड्या. उपकरणें कोठारांत होतीं, तीं घाईघाईनें कशीतरी बसविण्यांत आलीं. वर हवामानहि वैऱ्यासारखें वागलें. काम १९ फेब्रुवारीस सुरू व्हावयाचें. त्याच्या तीन दिवस आधींच सरावांत तिघे मेले. पुढें बातम्या येतच राहिल्या. सैन्याच्या या कामास कायदेशीर खून म्हणण्यापर्यंत टीकाकारांची मजल गेली. १० मार्च रोजीं अध्यक्षांनीं मॅकआर्थर व फुलॉय यांना बोलावून घेतलें आणि हे मृत्यु केव्हां थांबणार असा जाब विचारला. विमानें उडण्याचीं थांबतील तेव्हां, अशा अर्थाचें उत्तर आपण दिलें, असें फुलॉयनें पुढें नमूद करून ठेवलें आहे. उत्तर धीट होतें, वस्तुस्थितीसहि धरून होतें. परंतु ज्यांचे मुलगे गेले त्यांचें त्यानें समाधान होणें शक्य नव्हतें. आठवडाभर काम बंद ठेवून, कांहीं मार्ग कमी करून तें पुन्हां सुरू झालें आणि जूनच्या आरंभीं संपलें. एकूण ६६ अपघात झाले, १२ माणसें गेलीं. सुमारें ७ लक्ष ७७ हजार पौंड टपाल मात्र विमानदळानें मुक्कामीं पोहोंचविलें.

या बळींचा कांहींच उपयोग झाला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. जमिनीवर बसून उपकरणांच्या साह्यानें उड्डाण शिकविणारीं लिंक नांवाचीं सहा यंत्रें सैन्यानें त्याच जूनमध्यें विकत घेतलीं. रात्रीच्या व आंधळ्या उड्डाणाचें शिक्षण नेटानें सुरू झालें. बेकर समितीच्या शिफारशीवरून १ मार्च १९३५ रोजीं लढाऊ विमानांची एकत्रित सेना अस्तित्वांत आली. पुढें बी-१७ म्हणून प्रसिद्ध झालेलें चार इंजिनांचें बाँबफेकी विमान जुलै १९३५ मध्यें प्रथम उडालें, तेंहि फुलॉयच्याच कारकीर्दींत. पण तोंवर काँग्रेसच्या एका उपसमितीनें विमानखरेदींतील पद्धतीबद्दल व समितीपुढील विधानांबद्दल त्याच्यावर ठपका ठेवून त्याला काढून टाकण्याची मागणी केली होती. चौकशींत अप्रामाणिकपणा आढळला नाहीं; अतिशयोक्त व दिशाभूल करणारीं विधानें केल्याबद्दल मात्र त्याला लेखी समज मिळाली. ३१ डिसेंबर १९३५ रोजीं तो निवृत्त झाला. ज्या स्वतंत्र विमानदळासाठीं त्यानें साक्षी दिल्या, तें सप्टेंबर १९४७ मध्यें निर्माण झालें. उतारवयांत त्याच दळाच्या निमंत्रणावरून तो गांवोगांव व्याख्यानें देत हिंडला. २५ एप्रिल १९६७ रोजीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, अँड्र्यूज विमानतळावर त्याचें निधन झालें. राइटबंधूंच्या शेजारीं बसलेल्या या माणसानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अंतराळवीरहि पाहिले.

फुलॉयचा गुण व त्याचा दोष हीं एकाच मुळाचीं दोन फळें होत. साधनें नाहींत म्हणून तो कधीं अडून बसला नाहीं. दीडशें डॉलर, मोडकें यंत्र आणि चार पत्रें एवढ्या भांडवलावर त्यानें एका सैन्याला उडावयास शिकविलें. परंतु सन १९१० मध्यें चुकीची किंमत तो स्वतःच्या हाडांनीं मोजीत होता. यंत्र आपटलें तर आपटणारा तो स्वतः होता. सन १९३४ मध्यें तो टेबलाशीं बसला होता आणि उडणारे दुसरे होते. स्वतःपुरता होकार देणें हें धैर्य आहे. दुसऱ्यांच्या वतीनें होकार देण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं काय आहे आणि काय नाहीं हें मोजून पाहावें लागतें. मैदानावरून कचेरींत गेलेल्या प्रत्येक कर्त्या पुरुषापुढें हा फरक उभा राहतो. फुलॉयला तो कळला तेव्हां उशीर झाला होता. त्याच्या थोरवीला यामुळें उणेपणा येत नाहीं. मात्र त्याचें चरित्र सांगतांना कवाइतीच्या मैदानावरील त्या एकाकी लेफ्टनंटाबरोबर त्या हिवाळ्यांतील बारा जणांचीहि आठवण ठेवली पाहिजे.